डेन मार्लोचा आवाज

मंगळवार, ३ ऑक्टोबर २०२३
१४२ वर ८४.

दवाखान्यातल्या नर्सबाईंनी ही वही दिली. रोज सकाळी दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजायचा, आकडा लिहायचा, आणि त्या दिवशी मनाला काही लागलं असेल तर खाली दोन ओळी लिहायच्या. मी म्हटलं, बाई, पंच्याहत्तर वर्षांची झाले, मला आता फक्त दाराची चौकट लागते. ती हसली नाही. हल्ली दवाखान्यात कोणी हसतच नाही.

लिहिण्यासारखं आज एकच. दुपारी एका मुलीचा फोन आला. इमोजेन नाव. जुन्या चित्रफिती सांभाळणाऱ्या कुठल्याशा संस्थेत काम करते. "थेल्मा, बसलायत ना तुम्ही?" ओळख ना पाळख, पहिल्याच वाक्यात थेल्मा. मी म्हटलं, "उभी आहे. बोला."

म्हणाली, ऑस्लर्स सापडले.

ते हरवलेत हे मला ठाऊक नव्हतं. चौघांच्या त्या बँडमधले दोघे कबरीत आहेत. ड्रमवाला ऑस्ट्रेलियात असतो. गाणारा, म्हणजे माझा भाऊ नेव्हिल, इथून चार गल्ल्या पलीकडे राहतो आणि दर गुरुवारी माझ्याकडे जेवायला येतो. पण तिला म्हणायचं होतं टीव्हीवरचे ऑस्लर्स. आमची पोरं तीन वर्षांत अकरा वेळा टीव्हीवर दिसली आणि अकराही कार्यक्रम टीव्हीवाल्यांनी पुसून टाकले. टेप महाग, त्यावर पुढचा कार्यक्रम घ्यायचा, मग आधीचा पुसा. तेव्हा कोणाला त्यात वावगं वाटलं नाही. आता एका म्हाताऱ्या संकलकाच्या गॅरेजमध्ये अकरातला एक निघाला आहे. सहासष्टच्या नोव्हेंबरमधला, मँचेस्टरचा. गाणं 'हेशमची शेवटची बोट', हेशम म्हणजे आमच्या शेजारचं बंदर. अडीच मिनिटं.

"फक्त आवाज नाहीये," इमोजेन म्हणाली. "चित्र एका रिळावर आणि आवाज दुसऱ्या रिळावर असायचा. ते दुसरं गेलं. पण काही अडत नाही, वरून रेकॉर्ड लावू आम्ही. तेव्हा सगळे रेकॉर्डवर नुसते ओठच हलवायचे ना?"

"हो, हलवायचे," मी म्हणाले.

१८ नोव्हेंबरला इथे मोरकममध्येच, बोटक्लबच्या हॉलमध्ये दाखवणार आहेत. फोन ठेवून कपडे वाळत घातले. वारं बरं होतं.

बुधवार, ४ ऑक्टोबर
१५६ वर ९०. यंत्र बिघडलं असावं.

नर्सबाई फक्त आकडे बघतात, पानं वाचत नाहीत, म्हणून लिहिते.

ऑस्लर्सच्या चाहता मंडळाची चिटणीस मी होते. सोळाव्या वर्षापासून एकोणिसाव्यापर्यंत. दिवसा दुकानात नोकरी, उरलेल्या वेळात हे. कचेरी म्हणजे आमच्या घरातली पुढची खोली. आठवड्याला दोन-तीनशे पत्रं यायची. नेव्हिल रिग हे नाव मॅनेजरला मेंढ्या राखणाऱ्याचं वाटलं, म्हणून बाहेर तो डेन मार्लो झाला. घरात नेव्हिलच. डेनच्या सह्या मी ठोकायचे. हात इतका बसला होता की एकदा त्याने स्वतः केलेली सही बनावट म्हणून परत आली. केसांची बट मागणाऱ्या मुलींना सुरुवातीला त्याचीच बट जायची. मग पोराला टक्कल पडेल म्हणून आमच्या स्पॅनियल कुत्र्याची जाऊ लागली. रंग एकच होता.

या झाल्या बारीकसारीक लबाड्या. मोठी वेगळीच. रेकॉर्डवरचा आवाज नेव्हिलचा नाही.

'हेशमची शेवटची बोट' रेकॉर्ड करायला पोरं लंडनला गेली, तेव्हा स्टुडिओ तीन तासांपुरता मिळाला होता. वरच्या सुराला नेव्हिलचा आवाज फाटत होता. अडीच तास झाल्यावर तिथला साहेब म्हणाला, "बाळा, जा, जरा चहा पिऊन ये." हा चहा पिऊन येतो तोवर एका भाडोत्री गवयाने गाणं म्हणून टाकलं होतं. अंगातला कोटसुद्धा काढला नव्हता म्हणे. त्याचं नाव कुठे छापलं नाही. रेकॉर्ड देशात सातव्या नंबरावर गेली, आणि मग पुढच्या प्रत्येक रेकॉर्डवर तोच गायला.

हॉलमधल्या कार्यक्रमात नेव्हिल स्वतः गायचा. पण तिथे पोरी अशा किंचाळायच्या की त्याने भाजीची यादी वाचली असती तरी चाललं असतं. टीव्हीवर रेकॉर्ड लागायची आणि हा ओठ हलवायचा. त्यात पटाईत झाला होता, त्या दुसऱ्याने श्वास घेतला की हाही घ्यायचा. फक्त मँचेस्टरच्या निर्मात्याने हट्ट धरला की माझ्याकडे येईल त्याने गळ्याने गायचं. त्या एकाच दिवशी नेव्हिल टीव्हीवर खरंखुरं गायला. समोर किंचाळणारं कोणी नव्हतं. पुढच्या आठवड्यात पत्रांचा ढीग पडला, डेनला झालंय काय? मी मंडळाच्या पत्रकात छापलं, डेनला सणसणीत सर्दी झाली होती.

सहा वर्षांपूर्वी नेव्हिलच्या घशाचं ऑपरेशन झालं. स्वरयंत्र काढून टाकलं. गळ्याला भोक आहे, त्यावर बोट दाबलं की घोगऱ्या आवाजात चार-चार शब्द बाहेर पडतात. म्हणजे त्याचा आवाज आता गळ्यातही नाही आणि रेकॉर्डवरही नाही.

हे मी नुसतं नोंदवून ठेवते आहे.

गुरुवार, ५ ऑक्टोबर
१४९ वर ८८.

मटण-बटाट्याचं हॉटपॉट केलं होतं. नेव्हिलचं जेवण पुरतं होऊ दिलं आणि मग फोनचं सांगितलं.

त्याने काटा खाली ठेवला. बोट गळ्याशी नेलं. "कुठलं?"

"मँचेस्टरचं."

"मी गायलो ते?"

"तेच."

त्याचा चेहरा असा उजळला की मला बघवेना, मी उठून ताटल्या गोळा करायला लागले. ऑपरेशननंतर मी त्याला तसा पाहिलाच नव्हता. मग सांगितलं की आवाजाचं रीळ गेलंय, वरून रेकॉर्ड लावणार आहेत.

"नको."

"अरे, पण सगळा गाव येणार आहे. कोणाला काय कळतंय?"

"मला कळतंय." थांबला. पुन्हा बोट. "एकदाच गायलो, थेल. तिथेपण तोच?"

"लोक टाळ्या वाजवतील, वेड्या."

"त्याला." मग म्हणाला, "मी येणार नाही. दाखवूच नका म्हणावं."

पंचाहत्तरी उलटलेल्या माणसाने असं रुसून बसायचं म्हणजे कमालच झाली. मी सफरचंदाचं पुडिंग पुढे केलं. त्याने ते बाजूला सारलं आणि विचारलं, "बाबांनी टेप केलं होतं ना?"

"केलं होतं."

"ते पुसलं गेलं."

"हो, पुसलं गेलं," मी म्हणाले आणि त्याच्या पुडिंगवर कस्टर्ड ओतलं. खाल्लं शेवटी.

शुक्रवार, ६ ऑक्टोबर
१६१ वर ९२.

ते पुसलं गेलं नव्हतं.

बाबांनी हप्त्याने एक टेपरेकॉर्डर आणला होता. मुलगा टीव्हीवर आला की माईक खुर्चीच्या पाठीला सुतळीने बांधायचे आणि खुर्ची टीव्हीच्या तोंडाशी लावायचे. रेकॉर्डवरचं गाणं टेप करण्यात अर्थ नव्हता, तरी करायचे, आणि पुढच्या वेळी त्याच टेपवर पुढचं. टीव्हीवाल्यांत आणि आमच्यात काही फरक नव्हता. ही एक टेप तेवढी मी काढून ठेवली.

मँचेस्टरचा कार्यक्रम लागला त्या शुक्रवारनंतर रविवारी नेव्हिल घरी आला. दारातच विचारलं, "कसं झालं?" आईने त्याच्यापुढे अंडं आणि बटाट्याचे तळलेले काप ठेवले. मग तो म्हणाला, बाबा, ती टेप लावा बघू. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, आईने चुकून त्यावर रेडिओवरची प्रार्थना घेतली, पुसलं गेलं. आई बिचारी गप्प बसली. त्याच्या भल्यासाठीच म्हणाले मी. फार वाईट गायला होता.

आई गेल्यावर तिच्या कपाटातून टेप माझ्याकडे आली. बुटाच्या खोक्यात आहे, वरच्या फळीवर. वाजवायला यंत्र नाही. असतं तरी वाजवली नसती.

सोमवार, ९ ऑक्टोबर
१५२ वर ८८.

इमोजेन आली. पायात सैनिकाचे असावेत असे बूट, पण आत येताना दारात काढून ठेवले. चांगली मुलगी आहे. तिच्या पिशवीतल्या संगणकावर तिने मला ते दाखवलं.

नेव्हिल एकवीस वर्षांचा. बारीक टाय. मागे कार्डबोर्डची बोट. तो काही फार देखणा होता असं मला कधी वाटलं नाही, बहिणीला कशाला वाटेल, पण आज पाहिलं आणि पोरींचं काही चुकत नव्हतं असं वाटलं. आवाज त्या दुसऱ्याचा.

"बघा हं," इमोजेन म्हणाली, "पहिलं कडवं बरोबर बसतंय. दुसऱ्यात सरकतं. ह्यांचे ओठ मिटतात आणि आवाज चालूच. मी दोन दिवस डोकं फोडतेय. थेल्मा, हे खरोखर गात होते का तेव्हा?"

"मला कसं आठवणार?"

"आठवतंय तुम्हाला," ती म्हणाली. उद्धटपणे नाही.

"समजा गात असला, तर?"

"तर हे असं दाखवणं खोटं आहे. मग मी मुकंच दाखवीन. पण मुकं गाणं बघायला कोण येणार?"

मी खुर्चीवर चढले. ती "अहो, पडाल!" म्हणून धावली. खोकं काढून तिच्या हातात दिलं आणि बजावलं, नेव्हिलला यातलं अक्षर कळता कामा नये, आधी मी ऐकणार. तिने ती टेप अशी दोन्ही हातांत धरली, जणू अंगावरचं मूल. का दिली ते मला सांगता येणार नाही. पोरगी बूट काढून आत आली म्हणूनही असेल.

बुधवार, १८ ऑक्टोबर
सकाळी १४४ वर ८४. दुपारी पुन्हा मोजला तर १७८ वर ९८. दुपारचा धरू नये.

टेप वाजली. इमोजेनने ती माझ्या टॅब्लेटवर पाठवली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवून ऐकली. चहा गार झाला.

आधी खरखर. मग बाबा. "गप्प बसा गं आता." बाबांना जाऊन चाळीस वर्षं झाली. मग गिटार आणि नेव्हिल.

तो वाईट गायला नव्हता. लिहायला हात धजत नाही, पण वाईट गायला नव्हता. त्या दुसऱ्यासारखा गुळगुळीत नव्हता, वरच्या सुराला जरा चिरकला, पण तो नेव्हिल होता. आंघोळ करताना गायचा तसा. आई मधेच म्हणते, "कॉलर बघ त्याची, कोणी इस्त्री केली ही?" कुत्रा भुंकतो. आणि मग दुसरं कडवं सुरू होताच एक मुलगी ओरडते.

"शी! काय आवाज आहे! बंद करा ना ते! उद्या दुकानात मी तोंड कसं दाखवू? त्या दुसऱ्यालाच का नाही नेलं यांनी गायला?"

ती मी. आवाज असा, पत्र्यावर खिळा ओढावा तसा. आणि त्यानंतर कडवं संपेपर्यंत मी हसते आहे. बाबा दोनदा "थेल्मा!" म्हणतात, तरी मी हसते आहे.

आम्ही सगळेच हसलो होतो असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. टेपवर बाकी कोणीच हसत नाही.

इमोजेनला फोन केला. म्हटलं, आमची बडबड काढून टाक, नुसतं गाणं ठेव. येतं ना तुम्हाला ते आता? ती म्हणाली, येतं, पण थोडं गाणंही जातं सोबत. म्हटलं, जाऊ दे थोडं. "आणि 'तो दुसरा' म्हणजे कोण?" तिने विचारलं. मी म्हटलं, ओव्हनमध्ये केक आहे, करपेल. केक वगैरे काही नव्हता.

गुरुवार, २६ ऑक्टोबर
मोजला नाही.

धुतलेली टेप काल आली. आज नेव्हिल जेवल्यावर म्हणाले, तुला काहीतरी ऐकवायचंय. लावली. बडबड नाही, कुत्रा नाही. मला वाटलं चांगली झालीय. नेव्हिल कान पुढे करून पूर्ण ऐकत बसला.

मग बोट गळ्याशी. "हा कोण?"

"कोण म्हणजे? तू."

"मी नाही." थोडा दम घेतला. "हाही भाड्याचा का?"

पुन्हा लावली. खरंच, डबड्यात तोंड घालून कोणीतरी गावं तसं होतं. दुसऱ्या कडव्यात, मी जिथे ओरडते तिथे, तर आवाज जवळजवळ विरूनच जातो. मला काढताना पोरीने त्यालाही काढलं होतं.

खोटं मी अजून एक बोलू शकले असते. म्हणू शकले असते की टीव्हीवाल्यांकडूनच आली, अशीच आली. जिभेवर आलंही होतं. पण तो टॅब्लेटकडे बघत होता, खाणावळीत परक्याचं ताट आपल्यापुढे आलं की माणूस बघतो तसं, आणि मला ते सोसवेना. मी त्याला अख्खी टेप लावून दिली.

बाबांचं "गप्प बसा गं" आलं आणि त्याने टेबल घट्ट धरलं. पहिलं कडवं झालं. आईची कॉलर झाली, तेव्हा हसला. मग मी. मी ओट्याकडे तोंड करून उभी राहिले आणि धुतलेले कप पुन्हा धुतले. संपलं. त्याने पुन्हा लावली. तीनदा ऐकली. मला तिन्ही वेळा ऐकावं लागलं.

"पुसली म्हणालीस."

"हो."

"कुठे होती?"

"वरच्या फळीवर. कपाटाच्या."

"सत्तावन्न वर्षं?"

"फळीवर फक्त एकोणतीस. त्याआधी आईकडे होती." हे मी का बोलले देव जाणे. "नेव्हिल, तुला वाईट वाटू नये म्हणून—"

"तुला," तो म्हणाला. एवढंच. कोट घेतला आणि गेला. मफलर इथेच राहिला.

तुला म्हणजे काय, ते मला नीट कळलं नाही. वाईट मला कशाला वाटायला हवं होतं? गात तर तो होता.

गुरुवार, २ नोव्हेंबर
१५८ वर ९०.

नेव्हिल आला नाही. हॉटपॉट दोन दिवस पुरेल. मफलर त्याच्या दाराच्या मुठीला बांधून आले. आत दिवा होता.

सोमवार, ६ नोव्हेंबर
१६३ वर ९४.

इमोजेनचा फोन. नेव्हिलने तिला ईमेल केली आहे. तिने वाचून दाखवली. "टेप आहे तशी लावा. एक शब्द काढायचा नाही. कुत्रासुद्धा."

"तुमची हरकत नाही ना, थेल्मा? आवाज तुमचाही आहे, तुम्ही नाही म्हणालात तर मी नाही लावणार."

म्हणजे शंभर लोकांपुढे मी ओरडणार, "त्या दुसऱ्यालाच का नाही नेलं?" आणि सगळं बाहेर येणार. रेकॉर्ड खोटी, सर्दी खोटी, पत्रकं खोटी. नेव्हिलला ह्याच गोष्टीची लाज वाटू नये म्हणून मी जन्मभर तोंड शिवून बसले, आणि आता हाच चव्हाट्यावर मांडायला निघालाय. सूड उगवतोय माझ्यावर, दुसरं काय. मला राग आला. अजूनही आहे. मी इमोजेनला म्हटलं, विचार करते.

गुरुवार, ९ नोव्हेंबर
१६० वर ९२.

दोन माणसांचं जेवण करायची हाताला सवय आहे, ती जात नाही. सात वाजता दाराकडे बघणं बंद केलं. इमोजेनला फोन करून सांगितलं, लाव. म्हटलं, कुत्रासुद्धा.

राग गेलेला नाही.

शनिवार, १८ नोव्हेंबर
सकाळचा आकडा लिहायचा राहिला.

अडीचचा कार्यक्रम. हॉल भरला होता, बहुतेक सगळी पांढरी डोकी, काठ्या आणि चाकाच्या खुर्च्या. नेव्हिल पहिल्या रांगेत होता, टाय लावून. मी मागे कुठेतरी बसणार होते, पण त्याने मागे वळून बघितलं आणि शेजारच्या खुर्चीवरची टोपी उचलली. बसले. म्हटलं, बघू काय करतोय.

आधी इतरांच्या सापडलेल्या फिती दाखवल्या. एक जादूगार, एक पाककृती, कोणातरी नगराध्यक्षाचं भाषण. मग इमोजेन उठली आणि म्हणाली की ऑस्लर्सच्या अकरा कार्यक्रमांतला हा एकच उरला आहे, आणि याचा आवाज टीव्हीवाल्यांचा नाही, मोरकममधल्या एका घरातला आहे. त्या शुक्रवारी त्या घरात जे ऐकू आलं ते सगळं तसंच ठेवलं आहे.

"गप्प बसा गं आता," बाबा म्हणाले, आणि हॉल हसला. कार्डबोर्डची बोट दिसली. नेव्हिल गायला लागला. कॉलरवर लोक खूप हसले. मी मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी धरून बसले होते. पुढचं कधी येणार ते मला पाठ होतं.

ते आलं. हॉलमध्ये ते आमच्या स्वयंपाकघरातल्यापेक्षा मोठं होतं. आधी दोघं-तिघं हसले, मग हसू आटलं. त्या पोरीचं हसणं मात्र चालू राहिलं, सबंध कडवंभर. तोंड लपवायला जागा नव्हती. मला लाज वाटली. दुकानात काय म्हणतील त्याची नाही. तो तिथे एकटा उभा राहून गात होता आणि मी हसत होते, त्याची. मी नेव्हिलकडे बघितलं.

त्याचे ओठ हलत होते. नजर पडद्यावर, बोट गळ्यापासून लांब, मांडीवर. शब्दाला शब्द, श्वासाला श्वास. कुठेही सरकत नव्हतं. त्याला ठाऊक असेल की नाही कोण जाणे, मी विचारलं नाही.

दिवे लागले. टाळ्या झाल्या, बऱ्या झाल्या. लोक भोवती आले. बॅरोहून एक बाई आली होती, हिरवा कोट, माझ्याच वयाची. तिने नेव्हिलचा हात धरला आणि सोडेचना. "डेन, चौसष्टपासून मंडळात होते मी! तुमची रेकॉर्ड घासून घासून पांढरी झालीय." मग जरा अडखळली. "पण ती मुलगी ओरडली ना, 'त्या दुसऱ्याला' म्हणून... दुसरा कोण?"

नेव्हिलने बोट गळ्याशी नेलं. काही आलं नाही. गडबडीत, धुळीत त्याचं असं होतं, भोक कोंडतं. पुन्हा दाबलं, नुसती हवा. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. सत्तावन्न वर्षांपूर्वी त्या रविवारी बाबांनी पाहिलं होतं तसं नाही. वाट बघत होता.

काहीही सांगता आलं असतं. सवय होती मला.

"ती मुलगी मी आहे," मी म्हणाले. "रेकॉर्डवर हा गायलेला नाही. एकाहीवर नाही. एक भाड्याचा गवई होता, नावसुद्धा नाही माहीत. टीव्हीवर हा नुसते ओठ हलवायचा. गायला तो या एकदाच. आणि सर्दी वगैरे काही नव्हती, ते पत्रक मी लिहिलं."

इमोजेन हातात वायर घेऊन उभी होती, तशीच राहिली. बॅरोच्या बाईचा चेहरा पडला. नेव्हिलचा हात अजून तिच्या हातात होता.

"मग माझ्या भिंतीवर कोण होतं?" तिने विचारलं.

"भिंतीवर हाच होता."

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. गळ्याकडे, टायकडे, मग तोंडाकडे. बराच वेळ. आणि मग इमोजेनकडे वळून म्हणाली, "पोरी, परत लाव ते. मघाशी मी आपली मनातल्या मनात रेकॉर्डच ऐकत होते."

कोणीतरी दिवे घालवले. बसायची तसदी कोणी घेतली नाही, आम्ही सगळे उभेच. बाबा "गप्प बसा" म्हणाले तेव्हा या खेपेला कोणी हसलं नाही. खरंच सगळे गप्प बसले. माझं ओरडणं आलं आणि गेलं. मी त्यावेळी पडद्याकडे बघत नव्हते, त्याच्याकडेच बघत होते.

या वेळी नेव्हिलने ओठ हलवले नाहीत. तोंड मिटून तो ऐकत उभा राहिला.